हत्यार रिकामं हाय

निवडणुकीची आचारसंहिता लागली, की मावळातल्या लायसनवाल्यांना आपापल्या पिस्तुलाचं एकदम प्रेम दाटून येतं. एरवी ती वस्तू कपाटात साड्यांच्या खाली पडलेली असते. वर्षातून एखाद्या वरातीत कमरेला लागते, एवढंच. पण निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा करा म्हटलं, की माणूस लेक सासरी धाडायला आल्यासारखा आवारात घुटमळतो आणि जो भेटेल त्याला तिचे गुण सांगत बसतो.

गोरख हे गुण ऐकून ऐकून विटला होता. चोवीस वर्षं त्यानं फौजेत आर्मररचं काम केलं, म्हणजे हत्यारं उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची आणि परत जोडून द्यायची. निवृत्त होऊन औंढ्यात घर बांधलं आणि वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! फुकटचा जाणकार कोण सोडतो? कुणाचा चाप जड लागतो, कुणाला गोळी अडकल्यासारखी वाटते, कुणाला नवं घ्यायचंय पण कुठलं ते ठरत नाही. सगळे गोरखच्या अंगणात. आणि आचारसंहिता लागली, की हत्यार जमा करायच्या दिवशी त्याला गाडीत घालून ठाण्यात न्यायचे. गोरखभाऊंनी हत्यार हातात घेऊन ‘रिकामं हाय’ म्हटलं, की मग कुणाच्या मनात किंतु उरत नसे. तेवढा त्याचा शब्द होता. बासष्टाव्या वर्षी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, गुडघे कुरकुरत होते, माणसांची नावं आठवायला वेळ लागत होता. शब्द तेवढा शाबूत होता आणि गोरख त्याला जपून होता.

त्या दिवशी ठाण्याच्या आवारात जांभळीखाली नेहमीचीच मंडळी जमली होती. कामशेतचा पोल्ट्रीवाला गेणू आपलं जुनं रिव्हॉल्व्हर पिशवीत घेऊन आला होता. लोणावळ्यात जमिनींची एजंटगिरी करणारा बजरंग अंगठ्याचा खटका असलेलं पिस्तूल घेऊन आला होता. आणि औंढ्याचे दत्तोबा, वय चौऱ्याहत्तर, पांढरी टोपी, नातवाला बरोबर घेऊन. नातू समर्थ. त्यानंच आजोबांचं वीस वर्षांचं रिव्हॉल्व्हर विकायला लावून यंदाच्या गणपतीत नवं पिस्तूल घ्यायला लावलं होतं.

“रिव्हॉल्व्हरासारखं काय न्हाई,” गेणू म्हणाला. “मागनं बघितलं की सहाच्या सहा टिकल्या दिसत्यात. पोटात काय हाय ते उघड्यावर हाय. त्याला सेफ्टी कशाला पायजे?”

“अन् हातातनं पडलं म्हंजे?” बजरंग म्हणाला. “खटका पायजे गड्या, अंगठ्याखाली. वर केला का निवांत. माझ्याचं तर मॅगझिन काढलं की चाप वढला तरी उडत न्हाई.”

“अन् वक्ताला तो खटका काढायचा इसरलास म्हंजे? चोर काय थांबून ऱ्हातोय व्हय, तुझा खटका निघूस्तवर?”

हे भांडण गोरखनं मागच्या विधानसभेला ऐकलं होतं, त्याच्या आधी लोकसभेला ऐकलं होतं. शब्दसुद्धा बदलत नव्हते. तो जांभळीच्या पाराजवळ एका पायावर भार देऊन उभा होता. पारावर जागा नव्हती आणि कुणाला उठून द्यायचं सुचत नव्हतं.

“काका, खटक्याबिटक्याचा जमाना गेला,” समर्थ म्हणाला आणि त्यानं पिशवीतून लाल फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. दसऱ्याची हळदकुंकवाची बोटं पिस्तुलाच्या पाठीवर तशीच होती, तेलात भिजून पार लगदा झालेली. “ट्रिगरच्या मधोमध ही जीभ बघा. बोट सरळ पडलं तरच ट्रिगर हलतो. आपटा, फेकून द्या, नाही उडणार. आणि चेंबरमध्ये, नळीच्या मुळाशी, गोळी असली ना, की वरची ही पट्टी उचलली जाते. कडेला लाल रंग असतो तिच्या. डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं. अजून काय पाहिजे माणसाला?”

त्यानं मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून दत्तोबांच्या हातात दिलं आणि पिस्तूल जमिनीकडं धरलं. जमीन आणि पिस्तूल यांच्या मधे गेणूची चप्पल होती. चपलेत अर्थातच गेणूचा पाय होता.

“दाबून दाखवू?”

“रिकामं हाय न्हवं?” गेणूनं विचारलं, आणि सगळे गोरखकडं बघायला लागले.

फौजेत गोरखनं शेकडो पोरांना एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. हत्यार एका हातातनं दुसऱ्या हातात गेलं, की परत बघायचं. बापानं दिलं तरी बघायचं. त्या दिवशी समर्थचा हात दोन पावलांवर होता. पण दीड तास उभं राहून गुडघा ठणकत होता, आणि खंडेनवमीला त्यानं हेच पिस्तूल दत्तोबांच्या ओसरीत बसून साफ केलं होतं. दर वर्षीचं ते कामच होतं त्याचं. खंडेनवमीला साफ करून द्यायचं, दसऱ्याला ते लोक पूजा करायचे, आणि गोरख त्या दिवशी बायको शकुबाईला घेऊन देहूरोडच्या विहारात जायचा.

“रिकामं हाय,” गोरख म्हणाला. “खंडेनवमीला मीच बघितलंय. पर ठाण्याच्या आवारात चाप वढू नगा. आत ताई बसल्यात.”

समर्थनं हिरमुसून पिस्तूल फडक्यात ठेवलं.

आत टेबलामागं हवालदार अनघा जमा-वही घेऊन बसली होती. सकाळपासून तिनं चाळीस हत्यारं आणि चाळीस जणांची मतं घेतली होती, त्यामुळं ती कुणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती. “लायसन कुणाच्या नावावर?” तिनं समर्थला विचारलं. “आजोबांच्या? मग तुम्ही का हात लावता?” तिनं पिस्तूल ओढून घेतलं, नळी वाळूच्या बादलीकडं वळवली आणि वरची सरकती स्लाइड मागं खेचली.

एक पितळी गोळी टुणकन उडून टेबलाच्या काचेवर पडली आणि घरंगळत शिक्क्याच्या डबीला जाऊन टेकली.

गेणूनं खाली वाकून आपल्या पायाकडं बघितलं. समर्थचं तोंड पांढरं पडलं होतं. “गोरखभाऊंनी चेक केलं होतं,” तो म्हणाला. “आत्ता बाहेरपण म्हणाले. सगळ्यांनी ऐकलंय.”

दत्तोबांनी गोळीकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं, मग त्यांनी खिशातून रुमाल काढून ते पुसलं.

“चूक माझी, ताई,” गोरख म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

अनघा साहेबांना विचारून आली. भरलेलं हत्यार ठाण्यात आणलं म्हणून लायसनचा अहवाल वर जायला हवा होता. पण जुना आर्मरर स्वतःची चूक कबूल करतोय म्हटल्यावर साहेबांनी लेखी जबाब घेऊन समज देण्यावर भागवलं. ‘तपासणीत माझ्याकडून चूक झाली,’ असं अनघानं लिहिलं आणि गोरखनं खाली सही केली. सही करताना त्याचा हात कापला. तो कापताना सगळ्यांनी बघितला, हे त्याला सहीपेक्षा जास्त लागलं.

घरी आल्यावर तो आठवायला बसला. खंडेनवमीला ओसरीत सतरंजी होती. चहा आला होता. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, करंगळी चेंबरमध्ये घातली. करंगळी घातलीच होती. का ती मागच्या वर्षीची, रिव्हॉल्व्हरची आठवण? पण रिव्हॉल्व्हरमध्ये करंगळी कशाला घालायची? मग कुणाचं पिस्तूल होतं ते? जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटत होतं, आणि चार दिवसांत त्याची खात्रीच झाली की आपलं डोकं आता कामातून गेलं.

एकदा असं मनानं घेतलं, की माणसाला पुराव्यांचा तोटा नसतो. चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, पुरावा. शकुबाईनं मिरच्या सांगितल्या आणि त्यानं कोथिंबीर आणली, पुरावा. कान्हे गावी दिलेली त्याची लेक ज्योत्स्ना तान्ह्या पोराला घेऊन चार दिवस राहायला आली, तर गोरख पोराच्या जवळ जाईना. “माझ्या हातात देऊ नगं त्याला,” म्हणाला. ज्योत्स्नाला वाटलं, बापू रागावलेत. ती दोन दिवसांतच परत गेली.

गावानं तर संधीच साधली. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या विक्की कप उचलताना म्हणायचा, “भाऊ, संपला न्हवं चहा? का एक घोट चेंबरात ऱ्हायलाय?” गोरख हसून घ्यायचा. पोरगं वाईट नव्हतं, तोंडाळ होतं. पण अंगणात हत्यारं घेऊन येणारी माणसं बंद झाली. इतकी वर्षं गोरख म्हणत होता, ही ब्याद एकदाची टळावी. टळली तर रिकामं अंगण बघून त्याला भरून यायला लागलं.

“एका गोळीपायी एवढं काय लावून घ्यायचं?” शकुबाई म्हणायची.

“पायात जायला एकच गोळी बास हाय,” गोरख म्हणायचा. गेणूची चप्पल त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

भातकापणी संपत आली. दत्तोबांच्या खाचराच्या बांधावरून गोरख जात होता, तेव्हा झोडणीच्या खळ्यावरून बयाबाईनं हाक मारली. बयाबाई म्हणजे दत्तोबांची कारभारीण, सत्तरीची, अजून पेंढ्या मोजायला स्वतः उभी राहणारी. कमरेला खोचलेला पदर झटकून ती जवळ आली.

“गोरख, तुजी ठाण्यात वळख हाय, म्हणून म्हंते. आमची गोळी माघारी मिळंल का रं?”

“मिळंल की. निकाल लागला का सगळंच मिळंल.”

“तसं न्हवं. ती पूजेची हाय. देव्हाऱ्यातली. औंदा नव्या पिस्तुलासंगं आणलेली, तीच एक हाय.” बयाबाई सहज सांगत होती, भाताचा उतारा सांगावा तसं. “आमच्यात रिकामं हत्यार पुजत न्हाईत. मामंजींपासनं हाय. दसऱ्याला एक घालायची, पूजा करायची, अन् मग काढून परत देव्हाऱ्यात ठेवायची. औंदा ह्येंनी काढलीच न्हाई. मी इचारलं तर म्हनले, ठाण्यात गेली.”

गोरख बांधावरच खाली बसला. बयाबाईला वाटलं, चक्कर आली. तिनं पाण्याचा तांब्या आणला. तो गटागटा पाणी प्यायला आणि हसायला लागला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि बयाबाई तांब्या हातात धरून बावचळून उभी राहिली. करंगळी घातली होती. खंडेनवमीला हत्यार रिकामंच होतं. डोकं जागेवर होतं! एवढा आनंद त्याला पेन्शन सुरू झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

राग मागून आला. दत्तोबांच्या ओसरीपर्यंत चालत जाईस्तोवर तो चांगला पेटला होता.

दत्तोबा खाटेवर एकटेच बसले होते. गोरखचं तोंड बघूनच त्यांना उमगलं. “बयानं सांगितलं व्हय?” ते म्हणाले.

“तुमी गोळी वळखली तितं. टेबलावर. मी बघत होतो तुमच्याकडं.”

“वळखली.” दत्तोबांनी मान खाली घातली. “इसरलो रं. रिव्हॉल्व्हरात डोळ्यांपुढं दिसायची, काढली जायची. ह्येच्यात मॅगझिन काढलं अन् वाटलं, निघाली; ती तर वर नळीत बसलेली. वर ती लाल पट्टी का काय म्हंतोय समर्थ, ती कुंकवाखाली. लालात लाल काय दिसणार? अन् पूजेचं कुंकू आमी पुसत न्हाई.”

“मग बोलायचं हुतं तितंच.”

“बोलून? लायसन गेलं असतं. अन् समर्थ म्हनला असता, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. आधीच सह्यांचे कागद घिऊन मागं-मागं फिरतोय, सगळं माझ्या नावावर करा म्हनून.” दत्तोबांनी वर बघितलं. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, म्हणूनच पुढचं वाक्य जास्त झोंबलं. “तुझं काय जातंय, गोरख? तुला ना लायसन, ना हत्यार.”

गोरख तिथून तडक घरी आला. शकुबाईला सांगितलं, तर ती चुलीपुढून ताडकन उठली. “आत्ताच्या आत्ता ठाण्यात जावा अन् सांगा.”

“मी सांगून काय उपेग? शब्द माझा गेलाय. माझ्याच तोंडानं माघारी कसा येईल?”

“मग?”

“बघू,” गोरख म्हणाला. तो पोटभर जेवला, महिन्यात पहिल्यांदाच.

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि आठवड्याभरानं हत्यारं परत न्यायचा निरोप आला. या वेळी गोरखला न्यायला कुणाची गाडी आली नाही. तो एसटीनं गेला. ठाण्यात तीच मंडळी, तीच जांभळ. गेणू आणि बजरंग पुन्हा खटक्यावर आले होते. गोरखला बघून बजरंग म्हणाला, “भाऊ, आज आमचं लांबनंच बघा हां,” आणि चारजण हसले. हसणाऱ्यांत दत्तोबाही होते. फार नाही, ओठांपुरतंच. पण हसले.

आत अनघानं दत्तोबांचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. गोरखला दारात उभा बघून ती म्हणाली, “काका, या ना. तुम्हीच बघून द्या. एकदा चूक झाली म्हणजे काय झालं!”

तिनं चांगुलपणानं म्हटलं होतं. मंडळी मात्र दाराशी गर्दी करून बघायला लागली.

गोरखनं पिस्तूल घेतलं. नळी बादलीकडं. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. स्लाइड ओढून अडकवली. खिशातलं फडकं काढून पाठीवरचं कुंकू सावकाश, साफ पुसून काढलं. खालून ती बारीक पट्टी मोकळी झाली. चांगल्या डोळ्यानं चेंबरमध्ये बघितलं, करंगळी घातली, मग परत बघितलं. त्याला कसलीच घाई नव्हती. मग तसंच उघडं पिस्तूल हातावर धरून तो दत्तोबांकडं वळला.

“आबा, माझं काय जातंय, इचारलंत तुमी. ज्योत्स्नाचं पोर घरी आलं हुतं. मी त्याला उचललं न्हाई. वाटलं, माझं डोकं गेलंय, हातातनं सांडंल.” त्याचा आवाज चढला नाही. “एवढंच गेलं माझं. आता तुमी सांगा हितं. खंडेनवमीला हे मी दिलं, तवा रिकामं हुतं का न्हवतं?”

समर्थ म्हणाला, “आजोबा, हे काय चाललंय?”

दत्तोबांनी टोपी काढली, परत घातली. ते अनघाकडं बघत नव्हते, नातवाकडं बघत नव्हते. गोरखच्या हातातल्या उघड्या पिस्तुलाकडं बघत होते.

“रिकामं हुतं,” ते म्हणाले. “दसऱ्याला गोळी मी घातली. पूजेला. अन् काढायची इसरलो. ह्येचा काय संबंध न्हाई.”

अनघानं गोरखच्या हातातून पिस्तूल घेतलं आणि आपल्या बाजूला सरकवून ठेवलं. “आजोबा, हे आता मला लिहावं लागेल,” ती म्हणाली. “अहवाल वर जाईल. तोपर्यंत हत्यार इथंच राहणार.”

“ऱ्हाऊ द्या,” दत्तोबा म्हणाले. समर्थ काहीतरी बोलायला गेला, तर त्यांनी त्याच्याकडं बघून नुसता हात वर केला. तेवढ्यात त्यांचं वय दहा वर्षांनी वाढल्यासारखं दिसलं, आणि गोरखला त्यांची दया आली. दया आली, पण त्यानं शब्द मागं घेतला नाही.

अनघानं मागची फाइल काढली, गोरखचा जुना जबाब शोधला. “काका, मग हे तुमचं रद्द करून टाकते.”

“सगळं नगं, ताई. बाहेर जांभळीखाली पोरानं इचारलं, तवा मी न बघता रिकामं हाय म्हणालो. ती चूक माझीच हाय. तेवढी ऱ्हाऊ द्या.”

तिनं लिहायला घेतलं. गोरखनं ते वाचून खाली सही केली. हात याही वेळी कापला. वय झालं की हात कापतोच.

तो बाहेर पडायला लागला, तर गेणूनं वाट अडवली. पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढून त्यानं दोन्ही हातांवर पुढं धरलं होतं. मागं बजरंगही आपलं पिस्तूल घेऊन उभा होता, आणि आता कुणी हसत नव्हतं.

“भाऊ, चुकलं आमचं,” गेणू म्हणाला. “आता एवढं बघून द्या. तुमी रिकामं म्हनलात का आमाला शंका न्हाई.”

गोरखनं रिव्हॉल्व्हरला हात लावला नाही. फार दमला होता तो.

“तुमचं तुमी बघा,” तो म्हणाला, आणि एसटी चुकू नये म्हणून जरा भराभर चालायला लागला.